खोली

रविवारी मुलगी म्हणाली, बाबा चला,
कन्हानच्या अलीकडे तळी आहेत, बदकं उतरलीत.
तळी? म्हटलं, तिथे कुठली तळी.
तिने फोन पुढे केला. निळे ठिपके.
अकरा.

अकराही मला पाठ आहेत,
गट नंबरासकट.

स्कूटीवर मागे बसलो, गुडघे सांभाळत.
ऑटोमोटिव्ह चौक, कामठी रोडची धूळ,
डावीकडे खापरखेड्याची धुराडी,
मग भट्ट्या, विझलेल्या,
आणि भाजून काळ्या पडलेल्या विटांचे ढीग
ज्यांना गिऱ्हाईक नाही.

पाणी होतं. खरंच होतं.
कार्तिकातलं आभाळ घेऊन गप्प पडलेलं,
जणू आजोबांच्या आजोबांपासून इथेच.
काठ मात्र सरळ कापलेला,
पोकलेनच्या दातांचे ओरखडे अजून शाबूत,
ओरखड्यांत भोकं.
चैत्रात वेडे राघू तिथे घर करतात म्हणे.
आत्ता तारेवर चार बसलेले, भाडेकरू नसल्यासारखे.

शर्वरी मोजत होती:
हळदीकुंकू बदकं चौदा, टिबुकल्या सात,
एक खंड्या, तो मोजायच्या आत उडाला.
मीही मोजत होतो.
सहाचाकी ट्रक, एका खेपेला दोन ब्रास,
दिवसाच्या खेपा, आणि रात्रीच्या,
ज्या नव्हत्याच.

बावीस वर्षं तहसीलच्या खनिज शाखेत.
पावती माझ्या हातची, वळणदार अक्षर,
साहेब कौतुक करायचे.
साधी माती. इतके इतके ब्रास. खोली दहा फूट.
सगळ्यांचीच दहा फूट.
टेप कपाटात असायचा, कपाटाची किल्ली रजेवर.
भट्टीवर चहा मिळायचा, साखर जास्त घातलेला.
दिवाळीला डबा.
फक्त डबाच, असं मी बायकोला सांगायचो.

ट्रकच्या ट्यूबवर पोट टेकून
एक बाई कडेकडेने शिंगाडे तोडत होती,
वेल उलटायची, चाचपायची, पुन्हा पाण्यात सोडायची.
भागरता शेंडे नाव सांगितलं. पाणी ठेक्यानं घेतलंय.
शर्वरीने विचारलं, मावशी, किती खोल आहे?

“आता काय सांगू बाई.
कडेले कमरेएवढं. मंधात जाऊच नोको.
माह्या भासऱ्यानं बांबू टाकला होता,
थो बुडला, मंग बांबूले बांबू बांधला.
कागदावर तं दहाच फूट हाये म्हणते!”
ती हसली तशी ट्यूब हलली,
पाण्यावर वर्तुळं निघाली
आणि माझ्या बुटापर्यंत आली.

खोलीतूनच खोल्या निघाल्या.
बेसा, मानेवाडा, पार घोगलीपर्यंत.
आमचा तिसरा मजलाही यातलाच असणार,
स्वयंपाकघराची ती भिंत, जिच्यात खिळा टिकत नाही.

पलीकडे फलक होता, पोहण्यास सक्त मनाई.
त्याच्या खांबाला कुणीतरी लाल दोरा बांधलेला,
खाली कंपासपेटी, गंजलेली.
भागरताबाईने तिकडे पाहिलं नाही.
मी विचारलं नाही.

निघताना शर्वरी फोनवर तक्ता भरत होती.
ठिकाण, वेळ, पक्षी, हवामान.
बाबा, पाण्याची खोली अंदाजे किती लिहू?

दहा
जिभेवर आलंच होतं.
हात आपोआप खिशाकडे गेला, पेनासाठी.

दोन बांबू, म्हटलं.
असं नाही लिहिता येत हो.
मग रिकामं ठेव.

तेवढ्यात एक टिबुकली बुडाली.
आम्ही दोघं बघत राहिलो कुठून निघते ते.
बराच वेळ गेला.
निघाली असेल, ती म्हणाली, लव्हाळ्यामागून.

अर्धा किलो शिंगाडे घेतले,
पिशवी नव्हती म्हणून खिशात भरले.
ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत
दर खड्ड्याला
टोचत राहिले.