नडगीचा गोल

तो मला साल्बे म्हणतो.
त्याच्या तोंडात 'व' टिकत नाही, 'ळ' तर पोचतच नाही.
पोरं विचारतात, बरे ना, सर?
तो मनापासून उत्तर देतो;
त्याचं आडनाव बार्रेना, आणि त्याला वाटतं हाक मारली.

सकाळी साडेसहाला, नाशिकरोडच्या मैदानावर,
मी फक्कीची रेघ मारत पुढे,
तो कोन मांडत मागे.
उजवा गुडघा दोनदा उघडलेला,
थंडीत कडीसारखा वाजतो.

मला कळलं ते एवढंच:
एब्रो नदीकाठचं गाव. बाप दुसऱ्याच्या द्राक्षबागेत.
सतराव्या वर्षी बॅग भरली, एकोणिसाव्या वर्षी उसना गेला.
हो, उसना.
तिकडे क्लब एकमेकांना माणूस उसना देतात,
शेजारी विरजण द्यावं तसा.
सहा वेळा दिला.
दोनदा परत मागायला कुणी आलंच नाही.

तीनशे अकरा सामने, अठ्ठावन्न गोल.
वरच्या श्रेणीतला एक.
एक म्हणजे एकच.
मी विचारलं, कसा होता?
त्यानं ट्रॅकपँट वर केली,
नडगीवर बोट ठेवलं. इथं.
मी भलतीकडे बघत होतो, साल्बे.
चेंडू आला, लागला, गेला.
चाळीस हजार माणसं उभी राहिली
आणि मी रेफरीला विचारतोय, काय झालं?

नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली मी.
तपासणी विभाग. शाईचा ठिपका केसभर सरकला
की शीट बाद.
करकरीत, मोजलेली, बाद.
म्हणून त्याच्या त्या एकला मी हसलो नाही.
रविवारी मी प्रेसच्या टीमचा गोलकीपर.
देवळालीच्या जवानांनी एकदा अकरा घातले.
त्यातले नऊ अजून दिसतात,
दोन तेव्हाही दिसले नव्हते.

त्याची बायको वाईन बनवते, दिंडोरीकडे.
बारा वर्षं ती माझ्या मागे, तो सांगतो,
नऊ गावं, नऊ गॅसच्या शेगड्या.
आता नोकरी तिची, मागे मी.
त्याच्या आवाजात मी तक्रार शोधली.
सापडली थोडीशी.

ऑक्टोबरात आम्हाला बागेवर घेऊन गेला,
मला आणि चौदा वर्षांखालच्या सात जणांना.
छाटणी चालू होती.
पेठेकडच्या बाया सपासप कात्री चालवत होत्या,
हा मधेच घुसला, काडी धरून डोळे मोजू लागला.
तुम्ही डोळा म्हणता, म्हणाला,
आमच्यात यालाच बलक म्हणतात, अंड्यातला.
शेवंता गावित म्हणाली, साहेब, तो आंधळा हाये,
त्याला घड न्हाई यायचा. काढा.
त्यानं नाही काढला.
पुढच्या वेलाकडे गेला.
तिनं मागून येऊन काढला.
मी पाहिलं, बोललो नाही.

परवा पोरं हट्टाला पेटली:
सर, साळवेकाकांना पेनल्टी मारा!
तो म्हणाला, पेनल्टी मी कधीच नाही मारली,
ती नेहमी दुसऱ्याची असायची.
मग रेणुका पगारेला कोपऱ्यावर पाठवलं.
क्रॉस टाक. जोरात. सांगू नको कधी ते.
आणि स्वतः पाठ फिरवून उभा,
तोंड रेल्वेच्या रुळांकडे,
एक नडगी जराशी पुढे काढून.

एकसष्टाव्या वर्षी मी हातमोजे घातले.
पोरं गप्प.
लांब कुठल्याशा मालगाडीचे डबे आपटत होते.

रेणुकानं चेंडू टाकला.
तो त्याच्या मागून गेला, वीतभर.
मी उडी घेतली, ती उशिरा;
चेंडू फक्कीच्या पोत्यात घुसला
आणि पांढराफेक होऊन बाहेर घरंगळला.

लागला का? त्यानं विचारलं,
अजून रुळांकडेच बघत.