उपरण्याखालचा भाव

हवल्लीत, कॉम्प्युटरवाल्यांच्या रस्त्याला
मी त्या दुकानात तिसऱ्यांदा गेले
तेव्हा अबू नझीर उठला नाही,
नुसतं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.
पहिल्या दिवशी चहा आला होता.

किती, त्याने विचारलं.
पंचवीस, मी म्हटलं.
म्हणजे परवापर्यंत पंचवीस होते.
काल ओजसच्या बाबांना दुबईचा मेव्हणा आठवला,
फ्लॅवियाच्या आईने विचारलं, वॉरंटी वसईत चालेल का,
आणि तन्मयीचे वडील रात्री पावणेबाराला लिहितात:
मॅडम, घाई नको, फेब्रुवारीत राष्ट्रीय दिनाचा सेल असतो.
त्याखाली सहा अंगठे.
प्रकल्प जानेवारीत द्यायचाय.
मी या सगळ्यांच्या मुलांना शेकडेवारी शिकवते.

अबू नझीरने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला: १३९.
मी पुसून ११२ केले, परत फिरवला.
तो हसला नाही. १३६.५००.
इथे दिनाराला दशांशाची तीन घरं.
माणूस फिल्साफिल्साने मागे सरतो
आणि सरला असं दिसतही नाही.

माझा बाप बेल्ह्याच्या बाजारात हेडी होता.
सोमवारी खोंडाच्या पाठीशी उभा राहून
समोरच्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा,
बोटं दाबायचा. वर दोघं हवापाण्याचं बोलायचे.
जमलं की उपरणं झटकायचा.
नाही जमलं तरी तसंच.
मी कासरा धरून बाजूला. पोरीचा हात
त्या कापडाखाली जायची रीत नव्हती.
एकदा विचारलं, लपवायचं कशाला?
म्हणाला, भाव दोघांचा असतो गं,
तिसऱ्याने ऐकला की नासतो.

पिशवीत फोन थरथरतोय.
बेचाळीस माणसं एका उपरण्याखाली हात घालून बसलीत:
शंभराच्या वर जाऊ नका.
की-बोर्डवर अरबी अक्षरं नकोत.
बॅग फुकट ना?
मॅडम, तुमचं कमिशन किती?
(पुढे हसरा चेहरा.)

शमीर कासरगोडचा, अबू नझीरची जीभ.
मालक एक वाक्य बोलतो, शमीर त्याची तीन करतो,
त्यातलं एक त्याचं स्वतःचं:
टीचर, एक जरी कमी झाला तरी जुना भाव.
यादी आणा. अर्धे पैसे आधी.
माझंही पोर तुमच्याच शाळेत घालायचंय.

यादीत सोळावी शबनम परकार.
वडिलांची कंपनी बंद पडली, अकामा महिनाअखेरपर्यंत,
मग दापोली.
वर्गाबाहेर, दप्तर छातीशी धरून ती म्हणाली होती,
टीचर, माझं नाव राहू द्या तोवर,
आकडा भरायला.

खम्सा व इशरीन, मी अबू नझीरला म्हणते,
मान खाली न घालता.
तो १२९ वर येऊन थांबतो. बोट बटणावर, पण दाबत नाही.
शमीर छताकडे बघतो.

मग मला काय सुचलं कोण जाणे,
ओढणी काढून काउंटरवर पसरली, कॅल्क्युलेटर तिच्याखाली,
चाचपत तीन आकडे दाबले आणि हात बाहेर घेतला.
अबू नझीरने आधी दाराकडे बघितलं.
मग त्याचा हात आत गेला.
बराच वेळ तो मला थंडीचं विचारत राहिला,
यंदा उशिरा पडली, नाही?
हो, मी म्हटलं, यंदा उशिराच.

काय ठरलं ते सांगणार नाही.
ओजसचे बाबा परत आले एवढंच.
बॅग मिळाली नाही, ती बोलणी अजून खातेय.

चोवीस खोकी शाळेत पोचली.
पंचविसावं माझ्या कपाटात, साड्यांखाली,
हप्ता माझ्या पगारातून.
दापोलीला कोणीतरी जाणारं शोधतेय.
शबनमचा फोन लागत नाही.
नंबर इथलाच होता ना तिचा.