दार नसलेली खोली

एमेट आला मिलवॉकीहून, सात तास गाडी हाकत,
बुटांचा बर्फ पायरीवर झटकून म्हणाला,
"फ्लॉप्या आहेत ना अजून?"

होत्या. अकरा.
बिस्किटांच्या डब्यात, सुट्या बटणांखाली,
आर्वोच्या तिरक्या अक्षरात: टोइवो एक, टोइवो दोन,
आणि एकीवर नुसतंच: नको.

नऊ वाचता आल्या. दोन खरखरल्या आणि गप्प झाल्या.
"नको" वाचता आली.

तेव्हा रंग सोळाच असायचे,
आणि त्यांत माणसाच्या कातडीचा एकही नाही.
चौकटीच्या कागदावर, सोळा आडव्या, सोळा उभ्या,
मी पेन्सिलनं काढला टोइवो:
खाणीतलं पोर, डोक्यावर दिवा, गाल जांभळे.
लोकांना वाटलं, डुलुथची थंडी दाखवलीय.
दिवसा मी शाळेच्या भटारखान्यात बटाटे सोलायचे.
रात्री तळघरात आर्वो त्या मठ्ठ यंत्राला
पडदा सरकवायला शिकवायचा:
बदललंय तेवढंच पुन्हा रंगव, बाकीचं राहू दे.
यंत्राला सांगायचा. कधी कधी मला.

पहिला भाग फुकट, पुढच्या दोहोंसाठी टपालानं चेक.
एका पोरानं तर पुठ्ठ्याला नाणी चिकटवून पाठवली,
वर लिहिलं, मोजून घ्या.

एमेटनं आपल्या यंत्रावर लावून दाखवलं
तर टोइवो दिसलाच नाही.
जन्मला, धावला, खड्ड्यात गेला,
तिन्ही जीव संपले माझी पापणी लवायच्या आत.
"यंत्रं फार वेगवान झाली," तो ओशाळून म्हणाला,
"आता दोन पावलांमध्ये वेळ हातानं घालावा लागतो."
तीन आठवडे तो वेळ घालत बसला,
दुधात विरजण घालावं तसा, थेंबाथेंबानं.

मग एका रात्री फोन.
"चौथ्या पातळीत, नकाशाच्या उजव्या कडेपलीकडे
एक खोली आहे. दार नाही.
तीस वर्षांत तिथं कुणी पोचलं नसणार.
एक टेबल. एक बाई. चार चित्रं फक्त:
कप उचलते, उचलते, ठेवते, बसते.
शत्रू नाहीत. गुण नाहीत. ही तुम्ही काढलीत?"

काढली होती.
आई त्या हिवाळ्यात नळ्यांमध्ये होती.
आर्वो म्हणाला, तिला स्वयंपाकघरात बसलेली काढ,
आणि मी काढली, विचारलं नाही कशाला.
कपाला पिवळा वापरला, तो उरला होता म्हणून.

"आणि ती 'नको' फ्लॉपी," एमेट चाचरला,
"तिच्यात या भिंतीला दार आहे.
म्हणजे आधी होतं. मग त्यांनी बुजवलं.
उघडू का पुन्हा? लोक वेडे होतील."

बंदरात खनिजाची बोट भोंगा देत होती,
एक लांब, दोन आखूड.
मी तो संपेपर्यंत थांबले.
म्हटलं, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय की रे, नको.

मग म्हटलं, एक मात्र बदल.
शेवटी नाव येतं, ए. कांगास.
तो एक माणूस नव्हता.
आर्वो लिही, आयली लिही. दोन ओळी घे, जागा आहे.

ऑक्टोबरात निघाला खेळ, पाच डॉलरला एक सेंट कमी.
एमेटनं मला ते दोन मुठींत धरायचं यंत्रही पाठवलं,
माझे अंगठे त्यावर अजून परके आहेत.
पहिल्या तीन पातळ्यांत मी खूपदा मरते.
चौथीत पोचले की मात्र
पुढच्या किल्लीकडे जात नाही.
उजवीकडे जाते, थेट भिंतीपर्यंत, आणि उडी मारते.
टोइवो आपटतो. डोक्यावरचा दिवा हलतो,
एक ठिपका इकडे, एक तिकडे.
पुन्हा उडी.

एमेट म्हणतो, पडद्याबाहेरचं काही
यंत्र रंगवतच नाही, श्रम वाचवतं.
असेल.
त्याचं यंत्र तो जाणे.