आडवं गवत

जुलै संपताना लाटव्हियात
स्काइद्रीते विळा घेत नाही.
"विळ्याला गवत नि पाइन सारखंच,"
म्हणते, आणि बूट दाखवते डावा:
तीन वर्षांपूर्वी टाचेखाली गेलेलं रोप
अजून तिच्या मोजणीत आहे.

आधी वाकायचं. बोटांनी चाचपायचा शेंडा,
वीतभर, चिकट,
रासबेरीच्या काट्यांत दडलेला.
मग त्याच्याभोवती
पावलाला पाऊल लावून गोल,
गवत आडवं होईतो.

उभं राहिलं तर बिघडतं काय?
"आत्ता? काही नाही.
बर्फ पडला की हेच गवत
निजेल त्याच्या अंगावर,
ओल्या गोधडीसारखं, एप्रिलपर्यंत."

बाराशे झाली. आठशे उरली.

रात्री मोज्यांतली कुसळं
एकेक वेचून ती चुलीत टाकते.
अंगणात नाही.