बे

बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या बालवर्गात
सोळा खुंट्या, सोळा पाट्या,
आणि आज मुलं पंधरा.
हजेरी घ्यावी लागत नाही मला,
एक खुंटी रिकामी दिसते, बस.

मान्यांची ईरा वीसपर्यंत घडाघडा म्हणते.
घरी पाहुणे आले की म्हणायला लावतात, टाळ्या पडतात.
मी तिच्यापुढे सात चिंचोके मांडते.
मोज.
बोट पुढे, जीभ बोटाच्याही पुढे,
एका चिंचोक्यावर तीन-तीन आकडे सांडतात,
शेजारचा कोरडाच राहतो.
अकरा, म्हणते,
उधारी सांगणाऱ्या वाण्याच्या ठामपणे.

बोटाला दम घेऊ दे गं.
आधी ढकल, मग बोल.
ढकल, एक.
ढकल, दोन.
सातव्याला ती जिंकल्यासारखी बघते.
किती झाले?
आणि ती पुन्हा पहिल्यापासून ढकलायला लागते.
‘किती’ हे तिला अजून काम वाटतं,
उत्तर नाही.
शेवटचा आकडा एकट्या शेवटच्याचा नसतो,
मागच्या सगळ्यांच्या वतीने बोलतो तो,
हे चार वर्षांच्या कुणाला शब्दांनी सांगून बघा.
मी सत्तावीस वर्षं बघतेय.

रव्याच्या ताटात आकडे काढतो आम्ही.
चार म्हणजे सुटत आलेली नाडी.
सात आडवा पडला तर झोपाळा.
तीन आणि सहा तोंड फिरवून बसलेले,
त्यांचं जुनं भांडण मोठ्यांना ठाऊक.
ईराला नाही; ती तिनाच्या जागी सहा काढते,
मी खोडत नाही.
ताट नुसतं हलवते,
रवा सगळं विसरतो.

हिरलचा पाच मात्र दोन गावांचा.
तिचे पप्पा पटेल, आई आमच्यातली,
आणि दुकानातल्या वहीत पाच असतो
थेट आमच्या ‘प’सारखा.
बाई, हा पाच की पतंगाचा प?
तू पतंग उडवतेस की मोजतेस, त्यावर आहे, मी म्हणाले.
तिने विचार करून
शेपटी काढली त्याला.

पलीकडच्या वर्गातून भिंत ओलांडून येतं
बे एके बे, बे दुणे चार.
बाई, बे म्हणजे?
दोन.
मग दोन का नाही म्हणत?
इतकी वर्षं मीही तो पाढा म्हटला,
हा प्रश्न माझ्याकडे कधी आला नव्हता.
हिरल हसून लोळली. अगं, बे म्हणजे बे!
सेव-उसळवाला विचारतो ना, केटला पाव?
ती दोन बोटं नाचवते.
जो शब्द आमच्याकडे फक्त पाढ्यात उरला
तो कोपऱ्यावरच्या गाडीवर
रोज तर्रीत बुडवून खाल्ला जातो.

शून्य शिकवायला कमाटीबागेत नेलं.
विश्वामित्रीच्या पुलावर उभं केलं रांगेत.
किती मगरी दिसतात?
खाली मातकट पाणी, एक पिशवी, एक चप्पल.
पुष्कळ वेळ बघून ईरा म्हणाली,
एकपण नाही.
त्यालाच शून्य म्हणायचं, मी म्हणाले,
आणि हातानं हवेत गोल काढला.
धडा छान चालला होता.
तेवढ्यात सुमेध:
शून्य आहेत
तर तुम्ही माझी कॉलर का धरलीय?

दुसऱ्या हातात हिरलची वेणी होती.
सोडली नाही.

परत आल्यावर दारात उभी राहिले,
एकेका डोक्याला हात लावून आत ढकललं.
ढकल, एक.
ढकल, दोन.
पंधरा.
आतून ईरानं विचारलं, बाई, किती झाले?
मी काहीच बोलले नाही.
आत गेले,
आणि पहिल्या डोक्यापासून
पुन्हा सुरुवात केली.