वाव

गिगिरीच्या त्या इमारतीत मी आजवर
मंत्र्यांची नावं कोरली,
मंत्र्यांच्या जागी आलेल्यांची कोरली,
एकदा तर एका खुर्चीसाठी आठवड्यात तीन.
कडुलिंबाचं लाकूड, वीतभर लांब, चार बोटं उंच.
सभा संपली की पाटी माझ्याकडे परत येते,
मी रंधा मारतो, नाव भुश्यात जातं,
पाटी केसभर पातळ होते.

यंदा श्रीमती चेपकेमोई म्हणाल्या,
वाम्बुआ, बारा पाट्या जास्तीच्या करा.
पाणी सल्लागार मंडळावर तरुण नेमलेत,
सहा हजार अर्जांतून बारा.
तरुणांना वाव मिळायला हवा ना.

वय? मी विचारलं.
अठरा ते पंचवीस.
माझा किमेउ सव्वीसचा.
नोकरी मागायला गेला की अजून पोर आहे म्हणतात,
इथे म्हातारा ठरला.

आणि करणार काय हे?
मत मांडतील.
देतील?
त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
मांडतील, म्हणाल्या.

वामुन्यूत आमचे वडीलधारे झाडाखाली बसत तेव्हा
पोरांना कामं दोनच:
स्टूल आणून ठेवायचं आणि ऐकायचं.
ऐकलेलं बरंचसं मी विसरलो.
स्टुलं आठवतात. तीन पायांची,
बैठकीत तारेची नक्षी ठोकलेली,
आणि एक, ज्याचा पाय मीच मोडला होता.

नावं कागदावर आली.
मंगोलियाचा ओतगोनबायार काही केल्या वितीत मावेना,
शेवटची दोन अक्षरं अंग चोरून उभी केली.
एका नावाच्या डोक्यावर दोन ठिपके,
एकाच्या पोटातून आडवी रेघ.
ऑफिसातला पोरगा म्हणाला, सोडून द्या, कोण बघतंय.
नाही सोडले.
काना-मात्रा चुकली की
भलतीच मुलगी हाकेला ओ देते.

सगळ्यांत सोपी यागाना.
चाड सरोवराकाठच्या बोल गावची.
सहा अक्षरं, त्यातलं एकच तीनदा.
जेवणाच्या सुट्टीआधी झाली.

अकरा जण आले.
यागानाच्या कागदांवर शिक्का बसला नव्हता,
म्हणून तिची पाटी टेबलावर आणि ती पडद्यावर.
मी दाराशी उभा होतो, कोणाची खुर्ची बदलली तर म्हणून.
कानाला लावायचं यंत्र मला कोण देणार,
पण ती सावकाश इंग्रजीत बोलली, समजलं.
"आमच्या विहिरीचा दोर
मी लहान असताना एक वाव होता. आता"

आणि पडदा गोठला.
तोंड उघडं,
दोन्ही हात बाजूंना अर्धे उचललेले,
दोर दाखवायला निघाले असावेत.
अध्यक्ष थोडे थांबले. मग म्हणाले,
पुढचा विषय घेऊ.
चहाची वेळ झाली,
लोक कप घेऊन तिच्या हातांखालून ये-जा करत होते.

संध्याकाळी मी चेपकेमोईंना विचारलं,
त्या "आता"च्या पुढे काय होतं?
त्यांनी खरंच शोधलं, तसं म्हणायला नको.
इतिवृत्तात एवढंच: ध्वनी खंडित. नोंद घेतली.

बारा पाट्या परत आल्या.
अकरांवर रंधा मारला.
बारावी घेऊन घरी गेलो,
चोरीच म्हणा हवी तर.

किमेउ जेवत होता. सगळं ऐकून म्हणाला,
मग आता केवढा असेल दोर?
मला काय ठाऊक.
उष्ट्या हातानेच उठला तो,
भिंतीला एक हात टेकवला, दुसरा लांबवला.
एक.
पाऊल सरकवलं. दोन.
चुलीपाशी तीन, पाण्याच्या ड्रमपाशी चार,
खोली संपली.
त्याने दार उघडलं,
बाहेर अंधारात
त्याचं मोजणं ऐकू येत राहिलं.