चिठ्ठीवरचा आकडा

आसगावच्या कौलारू बारमध्ये
गुरुवारी ओलाव रिबेलो किंमत ठरवत नाही,
विचारतो.
इवले पेले, चोवीस माणसं,
पेल्याखाली एकेक चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच प्रश्न:
पूर्ण ग्लासाला किती द्याल?

पेनं मी वाटतो.
चोवीस वाटली की एकोणीस परत येतात.

आजची बिअर भिरंडांची.
आमच्याकडे रातांबा म्हणतात;
दोडामार्गचा नाका ओलांडला की नाव बदलतं,
दात आंबायचे ते आंबतातच.
रंग असा, की पेला दिव्यासमोर धरला
तर तळहात हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा.

पुण्याचे गृहस्थ आधी हुंगतात,
मग डोळे मिटतात, मग बायकोकडे बघतात.
साडेचारशे खोडून सहाशे,
सहाशे खोडून पुन्हा साडेचारशे,
आणि कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात:
'मित्र सोबत असतील तर सहाशेच धरा.'

म्हापशाचे दातांचे डॉक्टर नेत्रावळकर:
'दाढ भरायचे मी बाराशे घेतो.
ही निम्म्याहून जरा कमी बधीर करते.
पाचशे साठ.'

साळगावचे निवृत्त पोस्टमास्तर कायतान:
'दीडशे. शंभर पेयाचे, पन्नास तुझ्या गप्पांचे.
हुर्राकचा हंगाम संपला म्हणून, नाहीतर आलो नसतो.'

एका मुलीच्या फोनात दोन हजार एकशे चार बिअर,
प्रत्येकीपुढे तारे.
ही एकवीसशे पाचवी.
तिनं लिहिलं: 'आठशे. पण एकदाच.'
ते 'पण एकदाच' मी उगाच दोनदा वाचलं.

आणि एका चिठ्ठीवर आकडाच नाही:
'शेजारचा देईल त्यापेक्षा दहा जास्त.'
शेजारच्याची चिठ्ठी कोरी.

सुकांती गावस मागच्या दाराशी उभी होती.
सत्तरीतून भिरंडं तिनंच आणलेली,
उरलेले पैसे न्यायला आली होती, रिकामी पाटी कमरेला.
ओलाव म्हणाला, तिलाही दे.
तिनं उभ्यानंच एका घोटात संपवली,
पदरानं तोंड पुसलं,
'मात्शी साखर घाल रे,' म्हणाली.

किती लिहू, मावशी?
'किलोला साठ दिलेत तुम्ही.
आंबट आहे ते माझं, त्याचे पैसे झाले.
बाकीचं पाणी तुमच्या बावीचं.
बावीला विचार.'
मी तसंच लिहिलं, तिच्याच शब्दांत.

रात्री ओलावनं चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या,
रमीचे पत्ते लावावेत तशा.
सगळ्यात वरची काढली: मुलगी गेली.
सगळ्यात खालची काढली: पोस्टमास्तर गेले.
बेरीज माझी, भागाकार त्याचा.
चारशे अठ्ठ्याऐंशी.
फळ्यावर खडूनं चारशे नव्वद,
खाली, 'आपणच ठरवलेला दर.'

सुकांतीची चिठ्ठी त्यानं फेकली नाही.
वाचली, हसला, खिशात ठेवली.
पुढच्या खेपेला तिला किलोमागे पासष्ट मिळाले.

सगळे गेल्यावर जगच्या तळाशी बोटभर उरली होती.
कोमट, फेस बसलेला.
चांगली होती. खोटं का बोलू?
जिभेच्या कडेला आधी झिणझिण्या,
आणि मग बऱ्याच वेळानं, कुठूनतरी, मिठाची आठवण.

मला दिवसाचे सातशे.
म्हणजे मी रोज
दीड ग्लासाला थोडा कमी भरतो.

एक चिठ्ठी शिल्लक होती.
दोनशे लिहिलं. खोडलं.
तीनशे लिहिलं.
मग पेयाचे किती आणि आमच्या परड्यातल्या झाडाचे किती
हे काही केल्या वेगळं होईना.

चार नंबरचं टेबल डगमगतं,
पुण्याचे गृहस्थ जाताना तक्रार करून गेलेले.
चिठ्ठीची चौघडी केली,
त्याच्या पायाखाली सारली.

आता हलत नाही.